धुऱ्याकडचे दोन तास

ता. अचलपूर, जि. अमरावती
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

लाडक्या माय,

जय येशू.

पैसे जमा झाल्याचा इंग्रजी मेसेज आला, शेजारच्या पोरानं वाचून दाखवला. आईच्या कबरीवरच्या दगडाचं तू तीनदा फोनवर विचारलंस आणि तिन्ही वेळा मी "बघू" म्हणालो. तुला वाटलं असेल, बाबा टाळतात. टाळत नव्हतो गं. तुझ्या ड्युटीच्या मधल्या दहा मिनिटांत, मागं वॉर्डातली घंटी वाजत असताना, हे सांगण्यासारखं नव्हतं. आज चर्चमध्ये मिस्साला जाऊन आलो, भाकर खाल्ली आणि वही घेऊन ओसरीत बसलो.

काळा ग्रॅनाइट घ्यायचा की पांढरा संगमरवर, आणि त्यावर बायबलातलं कोणतं वचन कोरायचं, एवढंच तू विचारलं आहेस. उत्तर माझ्यापाशी आहे. पण नुसतं उत्तर कळवलं तर तुला ते रुखं वाटेल, म्हणून जरा लांबून येतो.

मागच्या रविवारी, २ नोव्हेंबरला, मृतांचा दिवस झाला. आदल्या दिवशी आम्ही आठ-दहा जणांनी दफनभूमीतलं गवत काढलं, कुंपणाला चुना मारला. तुझ्या आईची माती पावसानं बसली होती, एका बाजूला चांगला वीतभर खड्डा पडला होता. मी आपल्या शेतातली दोन घमेली काळी माती नेऊन टाकली. लाकडी क्रूस अजून घट्ट आहे. झेंडू वाहिला, मेणबत्ती लावली. आणि तिच्या शेजारच्या त्या हातभर दगडापाशी दुसरी मेणबत्ती लावली. तिनं ५० वर्षं लावली, आता मी लावतो.

तुला एवढंच माहीत आहे की तुझ्या आधी एक भाऊ झाला होता आणि तो गेला. तिनं कधी सांगितलं नाही, मलाही जमलं नाही. आता सांगतो.

१९७५ चा श्रावण होता. लेकरू अकरा दिवसांचं. आदल्या दिवसापासून दूध ओढेना, पोट फुगलेलं, रडायचंसुद्धा थांबलं होतं. तीन दिवस पाऊस खळला नव्हता आणि नदी दुथडी भरून चाललेली. मिशन नदीच्या पलीकडं, नऊ किलोमीटर. सिस्टरांचा दवाखानाही तिथंच. मी दोनदा बंडी जुंपून काठापर्यंत गेलो आणि दोनदा परत आलो, बैलच पाण्यात पाय घालेनात. दुसऱ्यांदा परत आलो तेव्हा ती दिव्यापाशी लेकराला मांडीवर घेऊन बसली होती. म्हणाली, "माठातलं पाणी आणा, गडूभर." मला वाटलं तिला प्यायला पाहिजे. मी गडू तिच्या हातात दिला. तिनं लेकराचं डोकं डाव्या तळहातावर तोललं आणि तीन वेळा पाणी ओतलं. पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावानं मी तुला बाप्तिस्मा देते, असं म्हणाली. तुझ्या आजोबांचं नाव त्याला ठेवलं. आवाज जराही हलला नाही. माझ्या हातातला कंदील मात्र हलत होता, त्याची सावली भिंतीवर हलताना मला अजून दिसते.

जीव धोक्यात असेल आणि फादर पोचू शकत नसतील तर कोणीही बाप्तिस्मा देऊ शकतो, पाणी आणि ते शब्द एवढं पुरतं, हे तिला लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात सिस्टरांनी शिकवलेलं होतं. मीही त्याच धर्मात जन्मलेला, पण मला ते त्या रात्री आठवलं नाही. तिला आठवलं. एकवीस वर्षांची होती ती.

उजाडायच्या आत लेकरू गेलं. चौथ्या दिवशी नदी उतरली आणि फादर झगा कंबरेला खोचून पायी आले. त्यांनी तिला विचारलं, पाणी ओतलं का, शब्द कोणते म्हटले. तिनं सांगितलं. फादर म्हणाले, हा संस्कार पूर्ण आहे, पुन्हा काही करायचं नाही, मी रजिस्टरात त्याचं नाव लिहितो. तेव्हा ती रडली. तोवर चार दिवस डोळ्यांतून टिपूस नव्हतं, आणि गावातल्या बाया आपसात म्हणत होत्या की ही फार कठोर काळजाची आहे. ती कठोर नव्हती. लेकराचं नाव देवाच्या वहीत लागलं की नाही, या एका गोष्टीत तिचा जीव अडकला होता.

ती बुलढाणा जिल्ह्यातली, १९५४ चा जन्म. ती एक वर्षाची असताना, १९५५ साली, अमरावती धर्मप्रांत नागपुरापासून वेगळा झाला. लहानपणी तिनं मिस्सा लॅटिनमध्ये ऐकली. अर्थ कळत नसे, पण चाली तोंडपाठ. व्हॅटिकनची दुसरी परिषद १९६२ ते १९६५ अशी चालली आणि त्यानंतर आपल्या भाषेत मिस्सा सुरू झाली. ती सांगायची, फादरांनी आमच्याकडं तोंड करून पहिल्यांदा मराठीत "प्रभू तुम्हांबरोबर असो" म्हटलं तेव्हा तिच्या आजीनं घाबरून मागं वळून पाहिलं होतं, कोणाशी बोलतात म्हणून. शाळा चौथीपर्यंत. मोठ्या अक्षरातलं वाचता यायचं, बायबल मात्र मलाच वाचून दाखवावं लागे, कारण त्याची अक्षरं बारीक. खरं तर तिला माझ्या तोंडून ऐकायलाच आवडायचं, असं मला आता वाटतं.

तिचा दिवस तू पाहिलेलाच आहे, पण लहानपणी पाहिलेलं माणूस विसरतं. पहाटे चारला चूल. चूल पेटवायच्या आधी क्रुसाची खूण. घरापासून शेतापर्यंतचं अंतर ती मालेत मोजायची. आपलं शेत एका जपमाळेवर, पाच रहस्यं, म्हणजे मालेचे पाच भाग, संपली की धुरा, शेताचा बांध, आलाच पाहिजे. नदीकडचं बटईचं वावर दोन मालांवर. २००२ साली पोप जॉन पॉल यांनी जपमाळेत प्रकाशाची पाच रहस्यं नव्यानं घातली. ४८ वर्षांच्या वयात तिनं ती तुझ्याकडून पाठ करून घेतली होती, आठवतं? तू चिडायचीस आणि ती परत पहिल्यापासून सुरू करायची. त्याच साली बीटी कपाशी निघाली. आमच्यासाठी दोन्ही नवं होतं. माझं लक्ष बीटीच्या पाकिटावर होतं, तिचं त्या गुरुवारच्या रहस्यांवर.

दुपारी बारा वाजले की निंदण असो की वेचणी, ती जागच्या जागी उभी राहायची आणि देवदूताचा निरोप म्हणायची. आपल्या गावात चर्चची घंटा नाही. तिला वेळ कसा कळायचा कोण जाणे. सोबतच्या बाया ना आपल्या धर्माच्या ना आपल्या भाऊबंदांतल्या, पण ती उभी राहिली की त्याही कंबर सरळ करून उभ्या राहायच्या. त्यांना तेवढाच विसावा. प्रायश्चित्तकाळात चाळीस दिवस तिचा चहा बंद. आपल्याकडं उन्हातान्हात काम करणाऱ्या बाईनं चहा सोडणं म्हणजे काय, ते तुला सांगायला नको. साखरेचे ते पैसे ती एका डब्यात टाकायची आणि ईस्टरच्या आधी फादरांकडं द्यायची, गरिबांसाठी. आपण स्वतः काही सावकार नव्हतो, त्या डब्यावर माझा डोळा दोन-चारदा गेलेला आहे. एका पेरणीला तर मी तो हातात घेतलाही होता. ती काही बोलली नाही, नुसती बघत उभी राहिली. मी परत ठेवला.

आणि भुलाबाई. ऑक्टोबर हा जपमाळेचा महिना, आणि त्याच दिवसांत गावातल्या पोरी घरोघर भुलाबाईची गाणी म्हणत फिरायच्या. तुला जायचं असायचं. काही जणांनी तिला सांगितलं, आपल्या लेकरांनी तिकडं जाऊ नये. तिचं उत्तर ठरलेलं होतं, "आधी जपमाळ, मंग भुलाबाई." जपमाळ झाली की तुला पाठवायची, आणि ज्या दिवशी पोरी आपल्या दारात यायच्या त्या दिवशी खिरापत ओळखता येऊ नये म्हणून काय काय करून ठेवायची! एकदा अंबाडीच्या बोंडांचा मुरंबा केला होता, कोणालाच ओळखू आला नाही. तिची श्रद्धा अशी होती. आपल्या घरात पक्की, पण दाराला कडी न लावणारी.

आता धुऱ्याकडच्या त्या दोन तासांचं, कपाशीच्या दोन ओळींचं, सांगतो.

आमचं लग्न १९७३ च्या मे महिन्यातलं. त्या वर्षीची पहिली वेचणी दिवाळीनंतर लागली. बायांनी धुऱ्यावर सीतादही केलं, दहीभात ठेवला, कपाशीला हळदकुंकू वाहिलं. दहीभात तुझ्या आईनंच घरून करून आणला होता. बायांची पूजा चालली होती तोवर ही बाजूला उभी राहून तिची प्रार्थना म्हणत होती. मग सगळ्या ओळीनं वेचायला लागल्या. संध्याकाळी मी गठ्ठे बांधायला गेलो तर धुऱ्याकडचे दोन तास तसेच उभे, पांढरेफेक फुटलेले. मला वाटलं राहून गेलं. मी बायांना हाक मारणार, तर ती म्हणाली, "राहू द्या ते. सरव्याचे हायेत."

तुझे आजोबा तिथंच होते. त्यांनी जे म्हटलं ते व्यवहाराचंच होतं. वेचून झाल्यावर झाडाला, भुईवर जे राहतं त्याला सरवा म्हणतात, उभं पीक सोडून द्यायला सरवा म्हणत नाहीत. तिनं डोक्यावरचा पदर सावरला आणि काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी गावातल्या पाच-सहा बाया आल्या. दोन विधवा, एक नवऱ्यानं टाकलेली, आणि मेळघाटातून कामाला उतरलेल्या कोरकू बाया, लेकरं पाठीशी बांधलेली. त्यांनी ते दोन तास वेचले. पाण्याचा माठ तिनं सकाळीच कडुनिंबाखाली भरून ठेवला होता.

मी हिशोब केला, माय. हिशोब मी नेहमीच करायचो. दोन तास म्हणजे साधारण अर्धा क्विंटल. तेव्हा नुकतीच, १९७२ पासून, सरकारची कापसाची एकाधिकार खरेदी सुरू झाली होती. संकलन केंद्रावर बंड्यांची रांग लागायची, चुकारा हप्त्याहप्त्यानं यायचा, आणि ही बाई अर्धा क्विंटल धुऱ्यावर सोडत होती. दरवर्षी वेचणीच्या तोंडावर आमचं वाजायचं. मी कधी चार-चार दिवस बोलायचो नाही. तिनं भांडून कधी उत्तर दिलं नाही, आणि एकाही वर्षी ते तास वेचू दिले नाहीत. सासऱ्याचं ऐकायची, माझं ऐकायची, लुगड्याच्या रंगापासून बैलाच्या खरेदीपर्यंत सगळं आम्ही ठरवायचो. एवढी एक गोष्ट तिनं कोणाला ठरवू दिली नाही.

मग २०१७ आलं. तू तेव्हा मुंबईला लागली होतीस, तुला आम्ही सगळं कळू दिलं नाही. गुलाबी बोंडअळीनं त्या वर्षी सगळ्या विदर्भाची कपाशी खाल्ली. वरून बोंड हिरवंगार दिसायचं आणि फोडलं की आत अळी, सरकी किडकी, कापूस काळपट. सगळी कवडी. जिथं तीस क्विंटल व्हायचा तिथं अकरा झाला, आणि त्यातला निम्मा व्यापारी हातात घेऊन परत टाकायचा. मी तिला म्हणालो, यंदा ते दोन तास सोडायचे नाहीत. या वेळी मी आवाज चढवून बोललो. तेव्हा तिनं मला ती गोष्ट सांगितली. लग्नाला ४४ वर्षं झाली होती आणि ती मला माहीत नव्हती.

१९७२ च्या दुष्काळात तिच्या माहेरी खायला नव्हतं. ती आणि तिची माय सरकारी कामावर खडी फोडायला जायच्या. सुकडी मिळायची, परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी मिळायची, तेवढ्यावर घरातली सात माणसं. गावात एकाच्या विहिरीला पाणी होतं, त्याची ज्वारी निघाली. कापणी होऊन पेंढ्या नेल्यावर दोघी मायलेकी सरवा वेचायला गेल्या. ओटीत दोन मुठी कणसं झाली असतील. शेतवाला आला. त्यानं शिवी दिली नाही, हात उगारला नाही. म्हणाला, ओटी झटक. तिच्या मायनं सगळ्यांसमोर ओटी झटकली. त्यानं ती कणसं गोळा करून बैलापुढं टाकली.

"माह्या मायनं घरी येऊन कोणालेच काही सांगतलं नाही," ती मला म्हणाली. "संध्याकाळची जपमाळ म्हनली अन् झोपली. मी अठरा वर्साची होती. म्या तवाच ठरवलं, देवानं मले वावर देल्लं तर कोणाची ओटी झटकू देनार नाही."

नंतर म्हणाली, रूथचं पुस्तक वाचा. मी दुसरा अध्याय वाचला. परक्या मुलखातली विधवा रूथ, सासूला जगवायला दुसऱ्याच्या शेतात सरवा वेचायला जाते, आणि बवाज नावाचा शेतवाला कापणाऱ्यांना सांगतो की पेंढ्यांतून काही कणसं तिच्यासाठी मुद्दाम खाली पडू द्या, तिला धमकावू नका. तिथं तिनं मला थांबवलं. "मुद्दाम," ती म्हणाली. "बघा." लेवीयच्या १९ व्या अध्यायात तर देवाची आज्ञाच आहे, शेताचे कोपरे साफ कापू नका, ते गरिबाचे आणि परक्याचे. मी हे सगळं आधी कितीदा वाचून दाखवलं होतं. मी वाचत होतो आणि ती वागत होती.

त्या वर्षीही दोन तास राहिले. बाया आल्या, त्यांनी तीच किडकी कवडी वेचून नेली. पुढच्या वर्षापासून ते तास मीच राखायला लागलो. वेचणाऱ्या बायांना आधीच सांगायचो, तिकडं जाऊ नका. पण तुझ्या आईला, तू बरोबर होतीस आणि मी चुकलो होतो, असं तोंडानं कधी म्हणालो नाही. आठ वर्षं होती माझ्याकडं. म्हणालो नाही. तिला म्हणायचं ते तुला लिहितो आहे.

देवघराशेजारच्या भिंतीवर संत इसिदोरचं चित्र आहे ना, नांगर धरलेला देवदूत आणि बाजूला प्रार्थनेला बसलेला शेतकरी. फादरांनी ते मला दिलं होतं. माद्रिदजवळ दुसऱ्याच्या शेतावर राबणारा सालदार तो, १६२२ साली संत ठरला, १५ मे हा त्याचा सण. मला त्या चित्राचा मोठा अभिमान. तुझी आई एकदा म्हणाली, "याची बायको कुठं हाये चित्रात?" मी फादरांना विचारलं. बायको होती, मारिया तिचं नाव, आणि तिलाही लोक संत मानतात. तिच्याबद्दल अशी कथा सांगतात की चुलीवरचं तिचं भांडं दारात आलेल्या गरिबासाठी कायम चढवलेलं असायचं. ऐकून तुझी आई खुश झाली. तिचं चित्र आपल्याला कधी मिळालं नाही.

आता शेवटच्या दिवसांचं. गेल्या दिवाळीपासूनच तिच्या पायांना सूज होती, धाप लागायची. तू औषधं लावून दिली होतीस, ती ती घ्यायची. या पवित्र आठवड्यात क्रुसाची वाट तिनं खुर्चीवर बसून केली. ईस्टर २० एप्रिलला झाला आणि दुसऱ्याच दिवशी पोप फ्रान्सिस वारले. बातमी ऐकून तिनं त्यांच्यासाठी माला धरली. शनिवारी, २६ तारखेला, शेजारच्या पोरानं त्याच्या फोनवर त्यांची अंत्ययात्रा दाखवली. साधी लाकडी पेटी, जमिनीवर ठेवलेली. ती बराच वेळ बघत होती. रविवारी फादरांनी प्रवचनात सांगितलं की पोपांनी मृत्युपत्रात लिहून ठेवलं होतं, मला जमिनीत पुरा, साधं थडगं करा, वर सजावट नको, फक्त नाव लिहा, फ्रान्सिस्कुस. मी घरी येऊन तिला ते सांगितलं. ती खाटेवर पडली होती. थोड्या वेळानं म्हणाली, "अजी, पोपाले नाव पुरते, तं मले वचन कायले पायजे?"

तेव्हा मी हसलो. दगडाचं ती बोलत असेल असं माझ्या मनातही आलं नाही.

२ मे, पहिला शुक्रवार. पहिले शुक्रवार तिनं कधी चुकवले नाहीत, म्हणून फादर सकाळीच घरी ख्रिस्तप्रसाद घेऊन आले. तिची अवस्था बघून त्यांनी आजाऱ्याचं तेलही लावलं. तिनं सगळ्या प्रार्थनांना नीट उत्तरं दिली. दिवसभर झोपून होती, बाहेर ऊन असं की पत्रा तडतडत होता. सांजेला डोळे उघडून मला विचारलं, "गायीले पानी दाखवलं काय?" मी नव्हतं दाखवलं. मी उठून गोठ्यात गेलो, बादली भरली, गायीसमोर धरली. शेजारची काकू हाक मारायला आली तेव्हा गाय अजून पीत होती.

तू अमरावती एक्स्प्रेसनं सकाळी पोचलीस आणि तेव्हापासून म्हणतेस, मी वेळेवर आले नाही. बाळा, मी तर वीस पावलांवर होतो. मीही नव्हतो. पण काकू सांगते की ती शांत होती, ओठ हलत होते. तिनं मला गायीकडं पाठवलं आणि मी गेलो, एवढं मी स्वतःला सांगतो. तूही दवाखान्यात कोणाच्या तरी उशाशीच होतीस त्या वेळी. ते तिला आवडलं असतं.

तर दगडाचं असं. परतवाड्याला दगडवाल्याकडं जाऊन आलो. साधा काळा दगड घेऊ, पॉलिश न केलेला, तुझ्या भावाच्या दगडाला शोभेल असा. त्यावर तिचं नाव आणि १९५४–२०२५. वचन नको, फोटो नको, फुलांची नक्षी नको. तुझी हौस मला कळते, तुला आईसाठी काहीतरी मोठं करायचं आहे. पण हे तिचं सांगणं आहे. पैसे बरेच उरतील, ते मी खात्यातच ठेवले आहेत.

शेताकडचं सांगायचं तर पावसानं पहिला वेच भिजवला. लांब धाग्याचा हमीभाव यंदा ८,११० आहे, पण ओलावा १२ टक्क्यांच्या आत लागतो, म्हणून कापूस ओसरीत पसरून वाळवतो आहे. फोनवरच्या ॲपमधली नोंदणी शेजारच्या पोरानं करून दिली. घाई नाही. फरदड, म्हणजे वेचणीनंतर तीच कपाशी पुढं राखणं, ठेवणार नाही, अळी परत वाढते. दुसरा वेच झाला की पऱ्हाटी उपटून टाकीन.

परवा शुक्रवारी वेचणी धुऱ्यापर्यंत आली. मी कडुनिंबाखालचा माठ धुऊन भरून ठेवला होता. तिच्यासारखं त्याला ओलं फडकं गुंडाळायचं मात्र विसरलो, दुपारी पाणी गरम झालं. सरव्याच्या बाया लांब उभ्या होत्या, या वर्षी यावं की नाही म्हणून. त्यांतली एक म्हातारी, तू तिला ओळखतेस, पहिल्या वर्षापासून येते, ती पुढं आली आणि म्हणाली, "बाबा, यंदा ठेवले काय?" मी नुसता हात केला. मला बोलता आलं नाही. काल त्यांनी ते दोन तास वेचले. म्हातारीनं जाताना तुझ्या आईचं नाव घेतलं आणि कपाशीच्या झाडाला हात लावून तो कपाळाला लावला.

पहिल्या वेचातला मूठभर कापूस ती दरवर्षी गव्हाणीसाठी काढून ठेवायची, बाळ येशूच्या अंगाखाली घालायला. यंदा मी काढला आहे. कोरडा, सरकीसकट, तिच्याच पत्र्याच्या डब्यात ठेवला आहे. नाताळला चार दिवस आधी ये. पऱ्हाट्या तोडून ठेवतो, कुटारही ठेवतो. गव्हाण तू बांध, माझ्या हातून ती नेहमी एका बाजूला कलते.

तुझा
बाबा

ता. क. जी जपमाळ तिच्या हातात दिली ती लग्नातली होती. रोजची घरीच आहे, तिची तार तिसऱ्या रहस्यापाशी तुटली आहे. नाताळला येशील तेव्हा मुंबईला घेऊन जा, कुठं दुरुस्त करून मिळते का बघ. मणी सगळे आहेत, मी मोजले.